चौकातला उजेड

आमच्या वाड्यातील शेवटचे लग्नकार्य चित्रफितीवर उतरवून घेतले होते. वाडा पुढे पाडला गेला, फीत राहिली. परवा ती पुन्हा पाहिली. माणसे ओळखू आली, वाडा मात्र ओळखू येईना. कॅमेऱ्यावरचा प्रखर दिवा थेट तोंडावर मारलेला. चेहरे पांढरेफटक, मागच्या भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या. चौकातून ओसरीवर उतरणारा मऊ उजेड त्यात कोठेच नाही.

नेमक्या याच उजेडासाठी छायालेखक सुब्रत मित्र अडून बसले होते. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’ १९५६ साली पडद्यावर आला. त्यातील काशीच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत पावसाच्या धास्तीने सोडावा लागला आणि बन्सी चंद्रगुप्त यांनी तो कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधला. (काशीला ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे ज्यांचे आप्त आहेत, त्यांना असे घर वर्णन करून सांगायला नको.) चौकात ऊन थेट येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड, आणि त्याला ठळक सावली नसते. स्टुडिओतील दिव्यांनी तो साधणे अशक्य, असे मित्र यांचे म्हणणे होते. राय आणि चंद्रगुप्त ऐकेनात. तेव्हा मित्र यांनी चौकाच्या डोक्यावर पांढरे कापड ताणले आणि दिवे नटांकडे न रोखता खालून त्या कापडाकडे वळवले. कापडावरून परतलेला उजेड चौकभर पसरला. त्या वेळी मित्र यांनी तिशीही ओलांडली नव्हती. १९५२ साली ‘पथेर पांचाली’चे काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी चलत्‌चित्राचा कॅमेरा चालवलेलाही नव्हता.

उलट, ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन परतवून अंधाऱ्या स्टुडिओत एकच झोत सोडला. तो अधिक गाजला. मला स्वतःला मित्रांचे कापड मोठे वाटते. झोत डोळ्यांत भरतो, चौकातल्या उजेडाकडे मात्र कोणाचे लक्षही जात नाही.

ज्यांचे वाडे अद्याप उभे आहेत, त्यांनी एखाद्या सकाळी कॅमेऱ्यावरचा दिवा मालवून चौकाचे चित्रण करून ठेवावे. खोल्यांत दिवा लागलाच, तर तो समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा ताणलेल्या चादरीकडे वळवावा. आमच्या फितीतील माजघरात तेवढी एक चादर सहज मिळाली असती.