धनराजचे गोल कोणी मोजले?

सप्टेंबर २००० मध्ये अकोल्याला मामांच्या घरी आम्ही सिडनी ऑलिम्पिकमधला भारत-पोलंड सामना पाहत होतो. जिंकलो की उपांत्य फेरी नक्की. अगदी शेवटी पोलंडने बरोबरी साधली, १-१. मामा एवढंच म्हणाले, "गेलं बाप्पा!" आणि टीव्ही बंद करायला उठले. धनराज पिल्ले त्या दिवशी रडला, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे अनेक वर्षांनी त्याने एकूण गोल किती केले, हे शोधायला बसलो, तेव्हा तो दिवस पुन्हा आठवला.

वऱ्हाडाला हॉकीचं वेड कधी नव्हतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं लोळवलं. पण इथे रुजली ती कबड्डी आणि कुस्ती. माझ्या मते कारण साधं आहे. हॉकी वाढली ती छावण्यांच्या आणि कारखान्यांच्या वसाहतींत: महू, जबलपूर, खडकी. आपल्याकडे परतवाड्याला छावणी होती, तीही मोडली. शिवाय आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती पायाला चिकटते. तिच्यावर चेंडू सरळ जाईल कसा?

धनराजचा जन्म १६ जुलै १९६८ चा, खडकीचा. वडील नागलिंगम दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची राखण करत. घर तमिळ, पण गल्ली मराठी. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावांनी धुळीच्या मैदानावर सराव केला. थोरला भाऊ रमेश आधी मोठ्या संघांतून खेळला. धनराज मुंबईत महिंद्र अँड महिंद्रकडे आला आणि तिथे जोकिम कार्व्हालो यांनी त्याला घडवलं. १९८९ मध्ये तो भारताकडून खेळू लागला आणि २००४ पर्यंत खेळत राहिला. सामने ३३९. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड.

आता गोल. सगळीकडे "१७० हून अधिक" असं छापतात. हा आकडा आला कुठून? भारतीय हॉकी महासंघाने कोणी किती गोल केले याची अधिकृत नोंदच ठेवली नव्हती. आकडा स्वतः धनराजचा आणि एका नामवंत आकडेतज्ज्ञाचा. वाचनालयातल्या जुन्या फायली काढून मी पडताळायचा प्रयत्न केला. सामन्यांचे निकाल मिळाले, गोल करणाऱ्यांची नावं दर वेळी मिळेनात. क्रिकेटमध्ये एका चोरट्या धावेचाही हिशेब असतो. इथे देशाच्या आघाडीच्या खेळाडूचं खातं अंदाजपंचे!

नोंदींबाबतची ही बेफिकिरी माणसाच्या बाबतीतही होती. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने एशियाडचं सुवर्ण जिंकलं, १९६६ नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी. अंतिम सामना कोरियाशी, तोही टायब्रेकरवर. लगेच धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. अधिकृत कारण 'विश्रांती'. खेळाडूंनी सोयींबद्दल आणि न मिळालेल्या मानधनाबद्दल तोंड उघडलं होतं, त्याचीच ही शिक्षा असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. मलाही तेच पटतं. तापटपणा त्याच्यात होता, हे मान्य. पण तापट माणूस खोटंच बोलतो असं थोडंच आहे?

पैसा बाहेर होता. स्टुटगार्ट, लिऑन, लंडनचं इंडियन जिमखाना, ढाक्याचं अबाहानी अशा क्लबांकडून तो खेळला. व्यावसायिक म्हणावं ते हेच. देशात मात्र पोटापाण्याला एअर इंडियाची नोकरी. २००३ मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला ४-२ हरवून आशिया चषक त्यानेच उचलला. अथेन्समध्ये मात्र बराच वेळ बाकावर बसावं लागलं. खेलरत्न आणि पद्मश्री मिळाले, चरित्र निघालं. पत्रकार संदीप मिश्रांच्या त्या पुस्तकाचं नाव 'फरगिव्ह मी अम्मा'. आई अंदालम्माची क्षमा कशासाठी, हे पुस्तक वाचूनच समजून घ्यावं.

२००५ च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये तो मराठा वॉरियर्सचा होता आणि २०१२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, वर्ल्ड सिरीजमध्ये कर्नाटक लायन्सकडून पुन्हा मैदानात उतरला. मधल्या काळात भारतीय संघाचा व्यवस्थापक होता. नंतर गुजरातमधल्या अकादमीत पोरांना शिकवत राहिला.

वाचनालयातून परत आणलेली माझी वही अजून टेबलावर आहे. तिच्यात सामन्यांची तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल अशा रकान्यांपुढे चौथा रकाना आहे, धनराजच्या गोलांचा. त्यातल्या बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत.