एका रात्रीचे यवत

सोलापूर रस्त्यावरचे यवत वर्षातून एकदा, एका रात्रीपुरते, शहर होते. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून येते, काळभैरवनाथाच्या देवळात विसावते आणि पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात. सकाळी पालखी वरवंडची वाट धरते. राहुट्या उतरतात, मागे राहतात काळवंडलेले चुलीचे दगड.

ही रात्र टिकवायची कशी, हा प्रश्न जुन्या वारकऱ्यांना पडला नसावा. 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, हा क्रम हीच वारीची वही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढली. ती पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सपाट रस्त्याने यवतला.

कॅमेरा आला आणि या फाट्याने भलताच भेद केला. दिवे घाटाच्या वळणावर वारी एका नजरेत मावते, म्हणून छायाचित्रकारांची गर्दी तिकडे. यवतच्या वाटेवर तसे वळण नाही. इथला फोटो जवळ जाऊनच काढावा लागतो. पिठाचे हात, कढईवरची वाफ, दमून भिंतीला टेकलेली पाठ. वारी म्हणजे घाट, ही ओळख यवतवर जरा अन्यायच करते. संदेश भंडारे यांनी वारी माणसांच्या अंगाने टिपली, तर उद्धव ठाकरे यांनी ‘पाहावा विठ्ठल’साठी आकाशातून.

2011 च्या सुमारास काही तरुणांनी ‘फेसबुक दिंडी’ सुरू केली आणि घरबसल्या रोजचा मुक्काम दिसू लागला. 2020 मध्ये करोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका 30 जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, 1 जुलैला एकादशी झाली. पुढच्या वर्षीही एसटीच. सलग दोन वर्षे यवतला मुक्काम नव्हता. होते ते जुने फोटो.

या फोटोंची एक गंमत आहे. फोन आठवण काढतो इंग्रजी तारखेने, पालखी चालते तिथीने. 2023 ची आषाढी 29 जूनला होती. मध्ये अधिक श्रावण आला आणि 2024 ची 17 जुलैवर गेली. त्यामुळे ‘एक वर्षापूर्वी’ म्हणून यवतचा फोटो फोनवर उगवला, तेव्हा पालखी यायला अडीच आठवडे बाकी होते. स्क्रीनवर पिठलं वाढलेले, भैरवनाथापुढचे आवार मोकळे.