खाकानाच्या नावाने

मध्ययुगीन इस्लामी राजनीतीत सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जात: शुक्रवारच्या खुतब्यात राजाचे नाव घेतले जाणे आणि नाण्यावर ते उमटणे. इ. स. १२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडविणारा हुलागू मुसलमान नव्हता. तरी या संकेताचे मर्म त्याने जाणले होते. त्याच्या नाण्यांवर आधी थोरल्या भावाचे, मोंगके खाकानाचे नाव येते आणि मागाहून स्वतःचे. काही नाण्यांवर तर, राज्य देणारा आणि काढून घेणारा ईश्वरच होय, या आशयाचे कुराणवचनही आहे. पराभूतांना त्यांच्याच धर्मग्रंथातून पराभवाचा अर्थ सांगण्याचा हा प्रकार मोठा धूर्त म्हणावा लागेल.

हुलागूपुत्र अबाकाच्या चांदीच्या दिर्हमांवर उइघुर लिपीत मंगोल मजकूर आला: खाकानाच्या नावाने अबाकाने पाडले. तिफ्लिसच्या टांकसाळीने मात्र ख्रिस्ती प्रजेसाठी क्रूस कोरला आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे स्मरण अरबी अक्षरांत केले. मंगोलांना धर्माचे सोयरसुतक बेताचेच होते; चांदी चालली पाहिजे, एवढेच.

ती एकदा चालेनाशी झाली. रित्या खजिन्यापायी गैखातूने १२९४ मध्ये तबरीझला चिनी धर्तीचे कागदी चलन काढले. बाजार ओस पडले आणि थोड्याच काळात हुकूम मागे घ्यावा लागला.

१२९५ मध्ये गाझानने इस्लाम स्वीकारला आणि पुढे चलनाची घडी नव्याने बसविली. दिर्हमाचे वजन सुमारे २.१६ ग्रॅम, सहा दिर्हमांचा एक दिनार. त्याच्या चांदीच्या नाण्यावर अरबी कलमा आहे, उइघुर लिपी आहे आणि कुब्लाईसाठी १२६९ मध्ये तिबेटी लामाने रचलेली फाग्सपा लिपीही आहे; ही तिबेटीमार्गे ब्राह्मीच्या कुळातली, म्हणजे देवनागरीची दूरची नातलगच. पण खरी क्रांती एका गाळलेल्या शब्दात आहे. 'खाकानाच्या नावाने' हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'आकाशाच्या सामर्थ्याने' आले. चीनमधील वडिलकीशी असलेला नाममात्र धागा इराणने असा, एकही बाण न सोडता, तोडला.

उल्जैतूने शिया पंथ स्वीकारल्यावर बारा इमामांची नावे नाण्यावर आली. अबू सईदने ती काढून पुन्हा चार खलिफांची घातली. त्याच्या कारकिर्दीत मजकुराभोवतीची चौकटही बदलत राहिली. कधी ती मशिदीतल्या मिहराबाच्या कमानीची झाली, तर कधी कलमाच कूफी वळणाने चौकोनात बसविला गेला. सौंदर्यदृष्टी त्यात होतीच. पण दिर्हमाचे वजन उतरवले की नवे नाणे जुन्यापासून ओळखू यावे, हा सराफी हिशेबही होता. १३३५ मध्ये तो वारसाविना वारला, तेव्हा दिर्हम गाझानच्या वेळेपेक्षा पुष्कळच हलका झालेला होता.