नवसागर आणि राळ

आमच्या चाचांचा धंदा कल्हईचा. मिरजेत गल्लीच्या तोंडाशी भाता मांडायचा, पितळी पातेलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं. या माणसानं १९६०च्या आसपास घरच्या घरी रेडिओ जुळवला होता, हे लहानपणी ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली.

श्रोतेहो, आपल्याकडं रेडिओ आला तो दुकानातल्या बंद पेटीतून, असं आपण धरून चालतो. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. तेव्हा सेट परदेशातून यायचे, महाग असायचे. म्हणून हौशी मंडळी घरीच जुळवाजुळव करायची. गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, तारेचं वेटोळं आणि कानाला हेडफोन. ना वीज, ना बॅटरी. लहरी टिपण्याच्या गॅलिनाच्या या गुणावर जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्येच अमेरिकेत पेटंट मिळालं होतं.

१९३३ साली वायरलेसचा कायदा झाला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले. पेटी उघडता येणाऱ्या माणसाची सरकारला धास्ती होती आणि १९४२ मध्ये ती खरी ठरली. त्या ऑगस्टमध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. आवाज उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा. प्रक्षेपक जुळवला नरिमन प्रिंटर यांनी, सामानाला हात दिला शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांनी. जागा सारखी बदलत हा रेडिओ १२ नोव्हेंबरपर्यंत चालला. उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

स्वातंत्र्य आलं, परवाना राहिला. वर्षाला पंधरा रुपये टपाल कचेरीत भरायचे आणि पुस्तिकेत तिकिटं चिकटवून घ्यायची. चाचा गेले तेव्हा कारकुनानं विचारलं, "सेट कुठल्या कंपनीचा?" चाचा म्हणाले, "आमचाच." रकान्यात काय लिहावं, या विचारात त्या सद्गृहस्थानं म्हणे दोनदा टाक बुडवला.

चाचांना कंड होता सिलोनचा. १९५२ मध्ये माहितीमंत्री केसकरांनी ऑल इंडिया रेडिओवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार केलं आणि सारा देश सिलोनकडं वळला. १९५७ मध्ये विविध भारती आली, तरी बुधवारची बिनाका गीतमाला तिकडंच राहिली. सिलोन शॉर्टवेव्हवर. त्याला छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली तांब्याची तार हवी, टोकांना चिनीमातीचे इन्सुलेटर हवेत आणि अर्थिंगची तार नळाला बांधायला हवी. व्हॉल्व्ह पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. आकृती एका दुरुस्तीवाल्याकडून उतरवून घेतली. डाग देणं मात्र कुणाकडून शिकायचं नव्हतं. कथील हातातलंच होतं.

इथंच घोटाळा झाला. चाचांनी सवयीनं नवसागर वापरला. तापल्यावर तो धातूवरचा गंज खातो, म्हणून कथील धरतं. भांड्यावर उरलेला नवसागर धुऊन जातो. रेडिओच्या पोटात तो तसाच राहतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि तांब्याची तार कुरतडतो. दोन पावसाळ्यांत सांधे हिरवे पडले, सेट मुका झाला. उपाय सांगितला एका सारंगियानं. गजाला घासायचा राळेचा खडा त्यानं पुढं केला. राळ कथील धरवते आणि मागं तार खात नाही. चाचांनी सगळे सांधे उकलून नव्यानं डाग दिले. मिरजेला तसं हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी सतारी-तंबोरे करायला घेतले होते.

१९६५च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं. कुणीतरी बोललं, यांच्या घरावर एवढी लांब तार कशाला? रेडिओवर कंपनीचं नावही नाही. पोलीस आले नाहीत, कुणी धमकावलंही नाही. चाचांनी आपणहून रात्री शिडी लावली आणि तार उतरवली. दादी सांगायची, गुंडाळताना त्यांचे हात थरथरत होते. तिसऱ्या दिवशी समोरचे मास्तर आले. "भाई, तार का काढलीत? बातम्या आम्ही कुठं ऐकायच्या?" असं म्हणून ते स्वतःच शिडी धरून उभे राहिले. तार पुन्हा चढली, पण पहिल्यापेक्षा दीड हात खाली. सिलोन तेव्हापासून जरा अंधुकच लागायचं. चाचांनी ती पुन्हा वर घेतली नाही.

१९८०च्या दशकात परवाना गेला. ट्रान्झिस्टर घरोघरी झाला होता. संपत आलेले सेल उन्हात ठेवले की आणखी दोन-चार दिवस चालतात, हे मी चाचांकडूनच शिकलो. ऊब मिळाली की सेलमधली रासायनिक क्रिया थोडी वेग धरते, इतकंच. पुढं ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कंडेन्सर आणून एलिमिनेटर केला, तेव्हा डाग कसे पडलेत हे बघायला चाचांनी चष्मा मागितला होता.

मागच्या महिन्यात घरचा मिक्सर बंद पडला. भाचा म्हणाला, "मामू, नवा घ्या." मी चार स्क्रू काढले. मोटारीचे कार्बन ब्रश झिजले होते. नवी जोडी घातली. शिवाय आत एक तार सुटली होती, तिला डाग दिला. राळेचा खडा खणात होताच.