देवणीची गणती

लातूर जिल्ह्यातील देवणी हे नाव मराठी वाचकाला गावाआधी गुरांमुळे ठाऊक असते. गीर, डांगी आणि स्थानिक डोंगरी गुरांच्या संकरातून हा वाण घडला, असे मानतात. पूर्ण पांढरा तो बालंक्या. अंग पांढरे पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या तो वानेरा. अंगावर काळे ठिपके तो शेवरा. पशुगणनेत या वाणाची स्वतंत्र नोंद होते. माणसांचे रकाने मात्र इतक्या बारकाईने भरलेले नाहीत, आणि या भागाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास तेथेच अडखळावे लागते.

हैदराबाद राज्यात हा परिसर बीदर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यात मोडत असे. १९५६च्या पुनर्रचनेत उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले, भालकी-औराद म्हैसूर राज्यात राहिले. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला. सीमा आखली गेली तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. इकडे मराठीच्या जोडीला कन्नड आणि दखनीही कानी पडते. बसवण्णांचे कल्याण सीमेपलीकडे आहे, तर मराठीत 'परमरहस्य' रचणाऱ्या मन्मथस्वामींची समाधी बीड जिल्ह्यात, कपिलधारला. (आमच्या वाङ्मयेतिहासांनी वारकरी-महानुभावांना दिलेली पाने पाहता मन्मथस्वामींच्या वाट्याला फारच थोडे आले, हा आमचा जुना आक्षेप.)

२०११च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या २४,५४,१९६. त्यांत लिंगायत किती, हे ती सांगत नाही. धर्माच्या रकान्यात ते हिंदूंत मिसळतात, आणि अनुसूचित जाती-जमाती वगळता जातींची मोजणी १९५१पासूनच थांबली. २०१७ साली स्वतंत्र धर्माच्या मागणीसाठी लातुरात लिंगायतांचा मोठा मोर्चा निघाला, तेव्हा संख्येचा हा प्रश्नही रस्त्यावर आला.

उपजीविकेची वीण याहून गुंतागुंतीची होती. शेतकरी थकलेला बैल आठवडी बाजारात विकी, त्या पैशांत भर घालून नवी जोडी घेई. थकल्या जनावराचा गिऱ्हाईक बहुधा कुरेशी असे. निरामिष लिंगायत आणि खाटीक यांच्यातला हा व्यवहार कोणत्याच धर्माच्या रकान्यात बसत नव्हता, तरी दोघांचीही घरे त्यावर चालत. २०१५च्या कायद्याने गोवंशाची, म्हणजे बैलांचीही, कत्तल बंद केली आणि हा दुवा निखळला. त्याआधीच ट्रॅक्टर आला होता, ज्वारी हटून सोयाबीन आले होते. आता पशुप्रदर्शनात देवणी वळूचे कौतुक होते. म्हातारा बैल मात्र दावणीलाच राहतो, आणि सोयाबीनच्या शेतातून त्याला कडबा मिळत नाही.