न्यूझीलंडची कुरणे आणि तेथील विद्यार्थी

परदेशी शिक्षण म्हटले की आपणांस बॅरिस्टरचा झगा किंवा डॉक्टरची पेटी आठवते. गुरे चारण्याची विद्या शिकावयास कोणी समुद्र ओलांडील, हे आपल्या आजोबांस खरे वाटले नसते. तथापि १९५० साली ठरलेल्या कोलंबो योजनेखाली आशियातील जे तरुण न्यूझीलंडला गेले, त्यांपैकी काहींनी हीच विद्या पत्करली.

तेथे लिंकनची कृषिशाळा १८८० पासून चालू होती. मॅसी महाविद्यालयात १९२८ पासून अध्यापन सुरू झाले. विद्यार्थ्याला पहिला धक्का बसे तो गोठ्याचा अभाव पाहून. गाई बारमास उघड्यावर! गवत जोमाने वाढू लागण्याच्या सुमारास सर्व कळप वितो. दुधाचा भर व गवताचा भर एकदमच येतो. गवतही साधे नव्हे. रायगवताच्या सोबतीस पांढरी क्लोव्हर पेरतात. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस पुरवितात. रुआकुरा येथील संशोधक मॅकमीकन ह्यांचा आग्रह असा की, एका गाईने किती दूध दिले हे न पाहता एका एकराने किती दिले हे पाहावे. आमच्याकडील प्रदर्शनांतून बक्षीस मात्र नेहमी गाईलाच मिळते!

परंतु ही हिरवळ निसर्गदत्त आहे, असे कोणी समजू नये. तेथे पूर्वी घनदाट अरण्ये होती. ती जाळून राखेत युरोपचे बी पेरले गेले. १८६० नंतरच्या दशकात माओरी लोकांच्या विस्तीर्ण जमिनी सरकारने जप्त केल्या. १८८२ साली ‘डनेडिन’ जहाजाने गोठविलेले मांस लंडनला सुखरूप पोचविले, तेव्हा गवताला सोन्याचे मोल आले. पुढे त्यास स्फुरद हवे म्हणून नाउरू हे चिमुकले बेट खणून काढले. हा हिशेब दुधाच्या आकड्यांत कोठेच दिसत नाही. विद्यार्थ्याने तो इतिहासाच्या पुस्तकांत शोधावा.

आता असा विद्यार्थी समजा नगर जिल्ह्यात परतला, तर त्याने काय करावे? येथे पाऊस चार महिन्यांचा, गायरान सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नव्हे. रायगवत उन्हाळ्यात टिकणार नाही. मात्र कुरणाचे भाग पाडून एकेकास विसावा देणे त्याच्या हाती आहे. शिवाय आपले मारवेल व पवन्या बी गळून वाळेपर्यंत आपण उभे ठेवतो, तोवर त्यांतील कस निघून जातो. ते फुलोऱ्यात कापून, वाळवून ठेवावयास बोटीचे तिकीट लागत नाही. आश्विनातल्या उन्हाचे चार दिवस आणि गावकऱ्यांची संमती लागते. त्यांपैकी ऊन मिळणे सोपे.