पानेवाडीची पाइपलाइन आणि परका हात

मनमाडचा आधुनिक इतिहास हा वाहतुकीचा इतिहास आहे. १८६०च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथून गेली, १८७८मध्ये दौंडची लाइन जोडली गेली, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर निझामाच्या मुलखातून गोदावरी खोऱ्याची मीटर गेज इथे येऊन मिळाली. पुढे अन्न महामंडळाची गोदामे आली आणि १९९८मध्ये भारत पेट्रोलियमची मुंबई-मनमाड पाइपलाइन सुरू झाली. सुमारे अडीचशे किलोमीटरची ही वाहिनी नंतर इंदूरजवळच्या मांगलियामार्गे थेट दिल्लीच्या बिजवासनपर्यंत वाढवली गेली. इतक्या जणांचे इंधन ज्या गावाशेजारून वाहते, त्या गावाने परदेशातून होणाऱ्या सायबर हल्ल्यांकडे दूरची बातमी म्हणून पाहू नये.

मात्र मनमाडला बसलेला सर्वांत खोल घाव परक्याचा नव्हता. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडशेजारच्या पानेवाडीजवळ इंधनभेसळ पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. टँकरमधून चोरी होते, रॉकेलची भेसळ होते, हे परिसरात कुणाला नवे नव्हते. माहीत असलेली फट बुजवली गेली नाही आणि एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा जीव गेला. ही स्थानिक गुन्हेगारी आहे, तिचा परकीय हल्ल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. परका हल्लेखोर स्वतः फट पाडतोच असे नाही. बहुधा तो आपण उघडी ठेवलेली फट शोधतो. मे २०२१मध्ये अमेरिकेतली टेक्सास ते न्यू जर्सी ही कलोनिअल पाइपलाइन बंद पडली, ती वापरात नसलेल्या एका जुन्या खात्याच्या पासवर्डमुळे. त्या खात्याला दुसऱ्या पडताळणीचे कुलूपच नव्हते. हल्ला करणारी डार्कसाइड ही खंडणीखोर टोळी रशियातली मानली जाते. रशियन सरकारचा हात असल्याचा पुरावा मात्र अमेरिकेने मांडला नाही. हल्ला कंपनीच्या कार्यालयीन संगणकांवर झाला होता, वाहिनी कंपनीने स्वतःच खबरदारी म्हणून थांबवली. त्यानंतर लोकांनी घाबरून पंपांवर रांगा लावल्या आणि टंचाई आणखी चिघळली. अफवा आणि धास्ती यांनी केलेले नुकसान हल्लेखोराला फुकटात मिळते.

आपल्याकडे याच धास्तीने वेगळे रूप घेतले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने भारतीय वीजयंत्रणेत शिरू पाहणाऱ्या, चीनशी संबंधित ‘रेडएको’ गटाचा अहवाल प्रसिद्ध केला. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता मांडली. १४ ट्रोजन आणि ८ जीबी संशयास्पद डेटाचा उल्लेख झाला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनी मात्र कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. खुद्द रेकॉर्डेड फ्यूचरनेही वीज जाण्याशी त्या घुसखोरीचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे लिहिले होते. तरीही लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे सत्य निवडले. माझ्या मते खरी हानी इथे झाली. एकाच घटनेची दोन सरकारी कारणे नागरिकासमोर राहिली, की पुढचा खरा इशाराही त्याला राजकारणच वाटतो, आणि लोकशाहीत फूट पाडू पाहणाऱ्याला याहून सोयीचे काही नाही.

यावर उपाय म्हणजे चौकशीचा निष्कर्ष उघडपणे सांगणे. तपशील जाहीर केले तर शत्रूलाच मदत होईल, हा आक्षेप पोकळ नाही. यंत्रणेचे नकाशे आणि पासवर्ड कोणी मागत नाही. पण कारण काय, पुरावा किती, चूक कोणाची, एवढे सांगता येते. कलोनिअलच्या प्रमुखांनी सुमारे महिन्याभराने अमेरिकी सिनेटसमोर उघडपणे साक्ष दिली, त्यातून बाकीच्या कंपन्यांना आपली जुनी खाती तपासण्याचे कारण मिळाले. आपल्याकडे तर नमुना घरातच आहे, आणि मनमाडसारख्या रेल्वेच्या गावाला तो नवा नाही. मोठा रेल्वे अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात. ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, आणि माहिती असलेल्या सामान्य माणसालाही साक्षीसाठी बोलावतात. वीज, इंधन आणि बँका यांवरच्या सायबर हल्ल्यांसाठी असाच स्वतंत्र चौकशी आयुक्त केंद्राने नेमावा, आणि त्याचा निष्कर्ष मराठीतही प्रसिद्ध व्हावा, ही मागणी महाराष्ट्राच्या आमदार-खासदारांनी आता लावून धरली पाहिजे.